मीठ, सुरी आणि दरवर्षी गॅस: फ्रीजच्या त्या मेसेजला उत्तर

"छोटा फ्रीज १५ वर्षं टिकवा, लाईट बिल निम्मं करा" असा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या बहुतेक ग्रुपवर फिरतोय. वर लिहिलंय की एका मोठ्या कंपनीतून रिटायर झालेल्या इंजिनिअरचा सल्ला आहे, पण नाव नाही, गाव नाही, कंपनी कुठली तेपण नाही. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, त्यात म्हटलंय की रात्री फ्रीज बंद ठेवा, फ्रीजरमध्ये बर्फ साठला की खडेमीठ टाका आणि सुरीनं उचकटून काढा, दरवर्षी होळीच्या आत गॅस भरून घ्या, बाजूचा पत्रा गरम लागला की कॉम्प्रेसर फुटायची वेळ आली म्हणून लगेच बंद करून ओलं फडकं टाका, गरम भांडं ठेवलं तर गॅस उडून जातो, उन्हाळ्यात नंबर सातवर ठेवा, आणि पुरात फ्रीज भिजला तर दोन दिवस कडक उन्हात वाळवून चालू करा, काही होत नाही. शेवटी फ्रीज भिंतीपासून लांब ठेवा असंही आहे, तेवढं एक बरोबर आहे.

मी फ्रीज रिपेरीचंच काम करतो, त्यामुळं हा मेसेज मला रोज कोण ना कोण पाठवतंय आणि "खरं काय रं?" विचारतंय. प्रत्येकाला वेगळं टाईप करण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी एक गोष्ट, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर खोलीत टाकतो, बास एवढंच. मागं खाली जो काळा डबा असतो तो कॉम्प्रेसर, तो गॅस दाबतो, दाबला की गॅस गरम होतो, मग तो बाजूच्या पत्र्याच्या आतल्या किंवा जुन्या फ्रीजला मागच्या काळ्या जाळीतल्या नळीतून फिरताना उष्णता बाहेर सोडून पातळ होतो, केसासारख्या बारीक नळीतून फ्रीजरच्या प्लेटीत जातो, तिथं दाब एकदम कमी होतो म्हणून उकळतो, आणि उकळताना आतली उष्णता ओढून घेतो, परत कॉम्प्रेसरकडं. गॅस तोच, गोल फिरतोय. हे डोक्यात ठेवा.

"रात्री ११ ते ६ बंद ठेवा, बिल निम्मं येईल." दारावर जे स्टारचं लेबल असतं ना त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते एकदा वाचा. समजा तुमच्या सिंगल डोअरवर १८० लिहिलंय, म्हणजे महिन्याला १५ युनिट, दिवसाला अर्धा. सात तास बंद ठेवून जास्तीत जास्त वाचणार किती तर महिन्याला चार-साडेचार युनिट, आणि तेपण पूर्ण वाचत नाहीत कारण सकाळी चालू केल्यावर रात्रभर आत शिरलेली उष्णता त्याला परत बाहेर काढावीच लागते. एक मिसळ येत नाही त्या पैशात. आणि घरचं बिल निम्मं व्हायला मुळात निम्मं बिल फ्रीजचं असायला पाहिजे की नको? तुमचं बिल गिझर, इस्त्री आणि एसी खातंय, फ्रीज नाही. शिवाय कॉम्प्रेसर काय रात्रभर अखंड चालत नसतो, आत पुरेसं थंड झालं की थर्मोस्टॅट त्याला आपणच बंद करतो आणि गरज लागली की चालू करतो. दार बंद असलेला फ्रीज लाईट गेल्यावर साधारण चार तास अन्न धरून ठेवतो, त्याच्या पुढं दूध, शिजवलेली भाजी, मटण ह्यांचा भरवसा धरू नका. म्हणजे रोज मध्यरात्री तुम्ही स्वतःच्या हातानं सात तासांचं लोडशेडिंग करताय. गावाला आठ-दहा दिवस जाणार असाल तर मात्र खुशाल बंद करा, पण सगळं रिकामं करून, पुसून, आणि दार थोडं उघडं ठेवून, नाहीतर आल्यावर आत काळी बुरशी आणि असला वास की दार उघडवत नाही.

आता मीठ आणि सुरी. ह्यावर जरा सविस्तर बोलतो कारण माझ्याकडं येणारे छोटे फ्रीज कायमचे मरतात ते बहुतेक ह्याच एका कारणानं. मीठ टाकल्यानं बर्फ वितळतो हे खोटं नाही, मिठाचं पाणी शून्याला गोठत नाही, भरपूर मीठ असेल तर उणे वीसच्या आसपास गोठतं, म्हणून तर हातानं फिरवायच्या आईस्क्रीमच्या पॉटमध्ये बाहेरून बर्फ-मीठ घालतात. उपाय चालतो म्हणूनच लोक फसतात. फ्रीजरची प्लेट ॲल्युमिनियमची असते, आणि मिठाच्या पाण्याचं आणि ॲल्युमिनियमचं अजिबात जमत नाही, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. आज टाकलं आणि उद्या फुटलं असं होत नसतं, म्हणून कुणाला मिठाचा संशयच येत नाही. पुढं कधीतरी एवढंच कळतं की "फ्रीज थंड करेना झालाय". प्लेट बाहेर काढून बघितली की पांढरट पावडर आलेली असते आणि साबणाचं पाणी लावलं की एक बारका बुडबुडा हळूहळू फुगतोय.

सुरीचं तर विचारूच नका. त्या प्लेटवर तुम्हाला फुगीर रेघा दिसतात ना, त्या डिझाईन नाही भावा, त्यातनं गॅस फिरतो. दोन पातळ पत्रे एकमेकांना चिकटवून मधी हवेनं फुगवलेल्या त्या वाटा असतात, वरचा पत्रा लई पातळ असतो. बर्फाच्या खाली ती रेघ दिसत नाही, सुरी घसरते, "सूंऽऽ" असा आवाज येतो आणि संपलं. लोक वरून एमसील लावून आणतात. ते काही दिवस धरतं, मग सुटतं, कारण प्लेट दिवसातनं कितीतरी वेळा आक्रसते आणि पसरते. नवीन फ्रीजर प्लेट, फिल्टर, व्हॅक्युम (गॅसच्या आधी नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणं), गॅस, मजुरी सगळं धरलं तर शंभर लिटरच्या आतल्या फ्रीजला तो खर्च परवडतच नाही, मीच सांगतो की नका करू.

मग बर्फ काढायचा कसा? थर्मोस्टॅटच्या बटणाच्या मधोमध एक छोटं बटण असतं, बऱ्याचदा लाल, ते आत दाबा. कॉम्प्रेसर थांबतो, बर्फ सुटला की बटण आपोआप बाहेर येतं आणि फ्रीज परत सुरू होतो. एकदम छोट्या फ्रीजला हे बटण नसतं, तिथं नंबर शून्यावर करा, प्लग काढा आणि दार उघडं ठेवा. घाई असेल तर फ्रीजरमध्ये जाड घडी केलेलं फडकं टाकून त्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवा, दार लावा, पाणी गार झालं की बदला. मोठमोठे पापुद्रे आपणच खाली पडतात, ते हातानं उचला, नुसत्या हातानं. हेअर ड्रायर नको, पाणी ठिबकतंय तिथं चालू ड्रायर धरणं म्हणजे नसतं संकट. खालचा ट्रे आधी रिकामा करून जागेवर लावायला विसरू नका नाहीतर सगळं पाणी भाजीवर. आणि बर्फ अर्धा सेंटीमीटर झाला की काढायचा, चार बोटं जाड होईपर्यंत वाट बघायची नाही, कारण बर्फाचा थर स्वतःच प्लेट आणि अन्नाच्या मधी रजई होऊन बसतो, कॉम्प्रेसर नुसता पळत राहतो आणि खालचं दूध नासतं.

आपल्याकडं पावसाळ्यात हा बर्फ दुप्पट वेगानं होतो असं सगळ्यांना वाटतं आणि ते बरोबर आहे, कारण जून ते सप्टेंबर हवेतच एवढं पाणी असतं की प्रत्येक वेळी दार उघडलं की ते आत जाऊन प्लेटवर गोठतं. त्यामुळं माझा सल्ला सरळ आहे, श्रावणात करा हे काम. बुधवार-रविवारचं मटण बंद असतं, फ्रीजर तसाही रिकामा असतो. आणि तरी आठवड्यातच परत बर्फ धरला तर दाराचं रबर बघा. दहाची नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा, नोट जरा अडकून यायला पाहिजे, अशी चारी बाजूनं करत या. जिथं सळकन निघते तिथनं हवा जातीय. बऱ्याच वेळा रबर खराब नसतं, घडीत नुसता मळ, कढीपत्त्याची पानं आणि सांडलेलं सरबत वाळलेलं असतं, कोमट साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं पुसलं की परत चिकटतं.

"दरवर्षी होळीच्या आत गॅस भरून घ्या." हे वाचून आमच्या धंद्यातले काही जण खूश झाले असतील, मी नाही. वर सांगितलं तसं गॅस गोल फिरतो, जळत नाही, संपत नाही, उडत नाही. कॉम्प्रेसरचा डबा वेल्डिंगनं बंद केलेला, नळ्यांचे जोड ब्रेझिंगचे, म्हणजे धातू वितळवून पक्के केलेले. कुठं लिकेज असेल तरच गॅस कमी होतो, आणि लिकेज असेल तर नुसता गॅस भरून काय उपयोग, परत जाणारच की. ही समजूत बहुतेक गाडीच्या एसीवरनं आली असावी, तिथं कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो, शाफ्ट बाहेर आलेला असतो, त्याच्या सीलमधनं आणि रबरी पाईपमधनं थोडा थोडा गॅस जातोच. घरच्या फ्रीजला असं काही नसतं. वीस वर्षं एकाच गॅसवर चाललेले फ्रीज आजही पेठांतल्या घरात आहेत.

आणि हल्लीच्या फ्रीजमध्ये गॅस असतो तरी किती? मागच्या स्टिकरवर किंवा कॉम्प्रेसरवर बघा, आर-६००ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन, लायटरमधल्या गॅसच्या जातीचाच, वीस-पंचवीस ते चाळीस-पन्नास ग्रॅम. पेट घेणारा आहे पण एवढासाच असतो. जुना आर-१२ ओझोनच्या थराला भोक पाडतो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्यानं बंद झाला, आपल्याकडं २०१० पासून नाहीच, मग आर-१३४ए आला आणि आता बहुतेक छोट्यात ६००ए. हा काट्यावर मोजूनच भरायचा असतो, पाच-दहा ग्रॅमचा फरकपण ह्याला कळतो. कुणी "अंदाजानं मारतो" म्हणाला, किंवा व्हॅक्युम पंप न लावता भरायला लागला, किंवा ६००एच्या मशीनमध्ये १३४ए घालतो म्हणाला, तर चहा पाजा आणि घालवून द्या. आत ओल राहिली की ती त्या केसासारख्या नळीच्या तोंडाशी गोठते आणि चांगला चाललेला फ्रीज दुखणाईत होतो.

गॅस खरंच गेलाय का हे तुम्हाला घरबसल्या कळू शकतं. कॉम्प्रेसर न थांबता चालतोय, बाजूचे पत्रे गार, आणि फ्रीजरच्या एका कोपऱ्यातच तळहाताएवढा बर्फ, बाकी सगळी प्लेट कोरडी, असं तिन्ही एकत्र दिसलं तर गॅस कमी आहे म्हणा किंवा नळी चोक आहे म्हणा, दोन्हीला माणूस बोलवावाच लागतो. आणि कॉम्प्रेसर चालूच होत नाही, दर दोन-चार मिनिटांनी नुसता "टिक" आवाज येऊन गप्प बसतो, तर ते गॅसचं काम नाहीच, रिले (कॉम्प्रेसरला चालू व्हायला धक्का देणारा स्विच), ओव्हरलोड (कॉम्प्रेसर फार तापला की लाईट तोडणारा स्विच) नाहीतर व्होल्टेजचं आहे. करवीर-पन्हाळ्याच्या वाड्यावस्त्यांवर शेतीच्या मोटरी चालू झाल्या की घरातला बल्ब बारीक होतो, तेव्हा हमखास हे होतं. रिले काही शेकड्यांत मिळतो. गॅस भरायचे दोन-तीन हजार देण्याआधी एवढं विचारा की "रिले बघितला का?"

पत्रा गरम लागण्याचं उत्तर वरच आलं. आतली उष्णता बाहेर टाकायची तर ती कुठनंतरी बाहेर येणारच, आणि हल्ली मागं जाळी नसते, नळी बाजूच्या पत्र्याच्या आतनं नेलेली असते. एप्रिल-मेमध्ये हात ठेवला तर चटका वाटेल एवढं गरम होतं, दाराच्या चौकटीला पण जरा ऊब असते म्हणजे तिथं घाम धरू नये. हे चांगलं लक्षण आहे. काळजी कधी करायची, तर कॉम्प्रेसर तासभर चालूनही पत्रा गारच असेल तेव्हा. ओलं फडकं टाकायचं तर नावच काढू नका, पाणी खाली कॉम्प्रेसरच्या जोडणीवर गेलं आणि घराला अर्थिंग नसलं, जे आपल्या पेठांतल्या कितीतरी जुन्या घरांत नाही, तर पत्र्यालाच करंट. हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा. बाकी त्या मेसेजमधलं भिंतीचं अंतर पाळा, हाताचा पंजा आडवा जाईल एवढी जागा तिन्ही बाजूला. आणि क्रोशाची कव्हरं बाजूनं खाली लोंबू देऊ नका, काकींना वाईट वाटेल पण काढायला लावा. ओट्याखाली फर्निचरवाल्याकडनं मापात कोंबून बसवलेले छोटे फ्रीज सगळ्यात जास्त आजारी पडतात, तिथं उष्णतेला जायला वाटच नसते.

"गरम भांडं ठेवलं की गॅस उडतो." नाही उडत. पण म्हणून पाच लिटरचा तांबडा रस्सा वाफाळता तसाच आत सारू नका, कारण वेगळं आहे. ६० डिग्रीचा पाच लिटर रस्सा पाच डिग्रीवर आणायचा म्हणजे साधारण ०.३ युनिट उष्णता बाहेर काढायची, छोट्या फ्रीजची ओढायची ताकद शंभरेक वॅटची, म्हणजे तीन-साडेतीन तास तो फक्त तुमच्या रश्श्यासाठीच चालणार आणि तोवर शेजारचं दूध-दही कोमट. उलट काही लोक मेसेजला भिऊन पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवतात आणि सकाळी फ्रीजमध्ये टाकतात, ते तर त्याहून वाईट. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, तो पहिला जातो, आणि भात तर दिसायला चांगला असतो पण त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा, ढवळा, छोट्या डब्यांत वाटा, झाकण लावा आणि ठेवा. थोडं कोमट असलं तरी चालतंय. झाकण मात्र पाहिजेच, वाफ बाहेर आली की तीच प्लेटवर बर्फ होऊन बसते.

नंबर सातचं दोन ओळीत. तो नंबर स्पीडचा नाही, शेगडीचं बटण मोठं केलं की लवकर उकळतं तसं इथं होत नाही, तो फक्त किती थंड झाल्यावर थांबायचं ते सांगतो. सातवर ठेवलं तर कॉम्प्रेसर थांबतच नाही, बर्फ वाढतो, आणि मागं ठेवलेली काकडी गोठून काचेसारखी होते. मधल्या कप्प्यात ग्लासभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवा, सकाळी चार-पाच डिग्री दिसले की तुमचा नंबर बरोबर, मग तो तीन असो की पाच. हिवाळ्यात एक नंबर कमी करा. आणि हॉस्टेल-कॉटबेसिसवर पोरं जे कॉम्प्रेसर नसलेले, नुसत्या पंख्याचे पिटुकले फ्रीज घेतात ते वेगळं प्रकरण आहे, ते खोलीपेक्षा १५-२० डिग्रीच खाली जाऊ शकतात, म्हणजे ३८च्या दुपारी आत वीसच्या आसपास. त्यात कोल्ड्रिंक ठेवा, चिकन नको.

आता पुराचं, आणि ह्या मुद्द्यावर मला खरंच राग आला. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै बघितलेल्या गावात कुणी "उन्हात वाळवून चालू करा" असं लिहावं? कॉम्प्रेसर आतनं सीलबंद असतो, त्यात पाणी जात नाही, त्यामुळं वाळवलेला फ्रीज बऱ्याचदा चालू होतो हे मान्य. पण रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, वायरचे जोड ह्यात गाळ बसलेला असतो, तो दोन दिवसांत वाळत नाही, आणि वरनं वाळला तरी ओल धरून ठेवतो. बाहेरचा पत्रा आणि थंडी धरून ठेवायला भिंतीत भरलेला फोम ह्यांच्या मधी शिरलेलं पाणी तर महिनोन्‌महिने राहतं, आतनं गंज चालू. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पंचगंगेचं पाणी नसतं, त्यात शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याचं सगळं आलेलं असतं.

भिजलेला फ्रीज असेल तर प्लगला हात लावायच्या आधी घराचा मेन स्विच बंद. मग गाळ धुऊन, मागचं झाकण काढून, रिले आणि ओव्हरलोड नवीन टाकून, मेगरनं, म्हणजे करंट गळतो का ते मोजायच्या मीटरनं, कॉम्प्रेसरचं इन्सुलेशन तपासून घ्यायचं, आणि ते चांगलं आलं तरच लाईट द्यायची. फोमपर्यंत पाणी गेलेलं असेल तर त्यावर खर्च करू नका. आतलं अन्न सगळं टाका, बरणीचं लोणचंपण, झाकण घट्ट होतं म्हणून ठेवू नका. त्यापेक्षा छोट्या फ्रीजचा एक फायदा वापरा, तो दोन माणसांना उचलता येतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला टेकली की नदीकाठच्या सुतारवाड्यातली माणसं सामान हलवायला लागतात, ४३ला धोका पातळी, तेवढ्या वेळात फ्रीज रिकामा करून वर माळ्यावर किंवा पाहुण्यांकडं नेता येतो. टेम्पोत उभाच बांधा. आडवा टाकावाच लागला तर पोचल्यावर उभा करून निदान पाच-सहा तास तसाच ठेवा, कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं ते खाली उतरू दे, मग प्लग लावा.